चिमणी, रानचिमणी, सुगरण, मुनिया, भारीट... हे छोटे तपकिरी पक्षी तुम्ही कसे ओळखता?

माळभटक्या :
बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. पक्षी बघायला लागलं की खंड्या, धनेश, स्वर्गीय नर्तक हे पटकन लक्षात राहतात, पण खरा गोंधळ असतो तो छोट्या तपकिरी पक्ष्यांत, आणि नवीन लोक नेमके तिथेच कंटाळतात, म्हणतात जाऊदे सगळ्या चिमण्याच. नाहीत हो. जानेवारीत सकाळी ज्वारीच्या बांधावर शांतपणे तासभर बसलात तर चिमणी, सुगरण, मुनिया, भारीट, तिरचिमणी आणि एखादा चंडोल असे सगळे त्याच एका शेतात सापडू शकतात, आणि लांबून बघितलं तर सगळे सारखेच मातकट.

माझं मत असं की रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी चोच, मग तो पक्षी काय करतोय, मग शेपटी, आणि मग रंग. रंग उन्हाप्रमाणे बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो, मादीचा वेगळा, पिल्लांचा त्याहून वेगळा. चोचीचा आकार मात्र बदलत नाही. जाड, बुडाशी रुंद चोच असेल तर दाणे फोडणारा पक्षी, म्हणजे चिमणी, रानचिमणी, सुगरण, मुनिया, भारीट यातला कुणीतरी. बारीक टोकदार चोच म्हणजे किडे टिपणारा, म्हणजे शिंपी, वटवट्या, तिरचिमणी वगैरे. बारीक आणि खाली वाकलेली असेल तर शिंजीर, मग तो कितीही चिमणीसारखा तपकिरी दिसो. एवढं एक पाहिलं तरी निम्मी यादी बाद होते.

दुसरं म्हणजे जमिनीवर तो चालतो का टुणटुण उड्या मारतो. चिमणी, मुनिया उड्या मारतात. चंडोल आणि तिरचिमणी तुरुतुरु चालतात, पळतात. हे फार लांबूनही कळतं, दुर्बीण नसली तरी.

आणि आधी घरची चिमणी नीट बघा. नराचं डोकं वरून राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस तपकिरी, गाल पांढुरके, गळ्यावर काळा डाग. हा काळा डाग हिवाळ्यात लहान आणि धुरकट दिसतो कारण नव्या पिसांची टोकं फिकट असतात, मग ती टोकं झिजत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत खालचा काळा रंग पूर्ण उघडा पडतो. त्यासाठी नवीन पिसं येत नाहीत, नुसती झीज. चोचसुद्धा विणीच्या काळात काळी होते, एरवी शिंगाच्या रंगाची. मादीला हे काहीच नाही, डोळ्याच्या मागे फिकट भुवई, पाठीवर काळपट रेघा आणि पोट साधं, बिनरेघांचं. ही मादी डोळ्यांत बसली की बाकीच्यांशी तुलना करायला एक माप मिळतं.

तुम्ही तुमच्याकडचे पक्षी, शंका, फोटो सगळं टाका.

गॅलरीतली_बाग :
मस्त धागा! वाचनखूण साठवली. माझा प्रश्न एकदम घरगुती आहे. आमच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत दोन एवढ्याश्या पक्ष्यांनी गवताच्या काड्या आणून आणून गोल गोळा केलाय, बाजूने भोक. सासूबाई म्हणतात चिमणीचं घरटं आहे, पण हे चिमणीपेक्षा लहान आहेत आणि शेपटी एकदम टोकदार काळी. चोच जाड आहे, निळसर राखाडी. आवाज बारीक, जवळजवळ ऐकूच येत नाही.

माळभटक्या :
ताई, मुनिया आहेत. कुठली ते दोन गोष्टींवर ठरेल. एक, पोटावर खवल्यांसारखी नक्षी आहे का? असेल तर ठिपकेवाली मुनिया. दोन, पोट साधं पांढुरकं आणि उडताना कमरेवर पांढरा पट्टा दिसतो का? दिसत असेल तर पांढऱ्या कंठाची, तिलाच काही जण चंदेरी मुनिया म्हणतात, ती निळसर चोच आणि काळी टोकदार शेपटी तिच्याशी जास्त जुळते. ठिपकेवालीची पिल्लं मात्र सगळी साधी तपकिरी असतात, पोटावर नक्षी नाही, पाठीवर काही नाही, त्यामुळे मोठे पक्षी बरोबर आल्याशिवाय घाईने नाव देऊ नका. आणि कुंडीला पाणी घालताना घरट्यावर पडणार नाही एवढं बघा, जवळ जाऊन फोटो काढू नका, पिल्लं उडेपर्यंत कुंडी जागची हलवू नका.

गॅलरीतली_बाग :
कमरेवर पांढरं आहे! आत्ताच पडद्याआडून बघितलं. सासूबाईंनाही दाखवलं, त्यांना आता चष्मा लावून बघायचा नाद लागलाय. धन्यवाद दादा.

सोलापुरी :
आमच्या भागातली भर घालतो. नान्नजच्या माळावर लोक माळढोक बघायला म्हणून यायचे, पण तिथली खरी शाळा चंडोलांची आहे. डोंबारी हा त्यातला चिमणीच्या सगळ्यात जवळचा दिसणारा, त्याची चोच चंडोलाच्या मानाने जाड, जवळपास चिमणीसारखी, म्हणून नवखे लोक मादीला हमखास चिमणी म्हणतात. नर ओळखायला सोपा, वरून राखाडी, खालून सगळा काळा. पण मादी मातकट. फरक असा की डोंबारी झाडावर, तारेवर बसणार नाही, जमिनीला चिकटून बसतो, पाय इतके आखूड की पोट मातीला टेकल्यासारखं वाटतं. आणि विणीच्या दिवसांत नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीच्या थोडं वर परत उचल घेतो, शीळ घालत. डोंबाऱ्याच्या कसरती पाहिलेल्या माणसाला नाव का पडलं ते सांगावं लागत नाही.

तुरेवाल्या चंडोलांत आपल्याकडे दोन, मलबारी आणि साइक्सचा. साइक्सचा म्हणजे कर्नल साइक्स, ज्यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि या चंडोलाचं शास्त्रीय वर्णनही तेव्हाच केलं. तो लहान, जास्त तांबूस, छातीवरच्या रेघा बारीक आणि वरच्या भागापुरत्या, चोच आखूड. मलबारी अंगाने मोठा, चोच लांब, छातीवर ठळक जाड रेघा आणि पोट पांढुरकं. पुण्याच्या बाजूला दोन्ही भेटतात तिथे छातीच बघा, तुरा बघून काही कळत नाही, तो दोघांना आहे.

रानवारा :
सोलापुरी, अप्रतिम प्रतिसाद. तिरचिमणीबद्दल थोडं. नावात चिमणी आहे म्हणून खूप जण फसतात. चोच बारीक, उभी ताठ बसते, शेपटी खालीवर हलवते, उडाली की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या चमकतात. क्रिकेटच्या मैदानावर, विमानतळाच्या गवतात, नांगरलेल्या शेतात हमखास. चंडोल आणि तिरचिमणी यात गोंधळ झाला तर चोच आणि शेपटी हलवणं, बस.

पळसपान :
नमस्कार मंडळी, एक फोटो टाकलाय, जरा बघा. मार्चची सकाळ, सासवडच्या पुढे, रस्त्याच्या कडेला पानं गळालेला पांगारा, त्याच्या फुलांवर हा पक्षी बसला होता. आकार चिमणीएवढाच, किंचित सडपातळ. अंगावर रेघा नाहीतच, सगळं राखाडी तपकिरी. गळ्यावर पिवळा ठिपका. मला वाटतं चिमणीची मादीच, फुलात तोंड घातल्यामुळे पराग लागलाय. बरोबर का?

बोरीवली_स्लो :
परागाची शक्यता आहेच, पळस पांगाऱ्यावर मैना, साळुंक्या, कोतवाल सगळे तोंड पिवळं करून बसलेले असतात. पण फोटोत पाठीवर एकही रेघ दिसत नाही हे चिमणीच्या मादीशी जुळत नाही. पंखावर काय आहे? मला दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतायत.

माळभटक्या :
पळसपान, फोटो मोठा करून खांद्याकडे बघा, वरच्या पांढऱ्या पट्टीच्या वर. विटकरी रंगाचा डाग दिसतोय ना? पंख मिटलेला असताना तो अर्धा झाकला जातो. तो डाग, दोन पांढऱ्या पट्ट्या, बिनरेघांची पाठ आणि गळ्यावर पिवळं, ही रानचिमणी आहे, पीतकंठी चिमणी म्हणतात तीच. पराग असता तर चोचीच्या बुडाशी आणि कपाळावरही लागला असता, इथे पिवळा ठिपका नेमका गळ्याच्या मध्यावर, कडा स्वच्छ. तुमचा नर आहे, चोच काळी आहे म्हणजे विणीला लागलाय. मादीचा पिवळा ठिपका फिकट असतो आणि खांद्यावरचा रंगही तेवढा गडद नसतो.

आणि ती फुलांवर होती यात नवल नाही. रानचिमणी दाणे खाते, किडे खाते, पण पळस, पांगारा फुलले की मध प्यायलाही येते. राहते कोरड्या झाडोऱ्यात, घरटं झाडाच्या ढोलीत, तांबट नाहीतर सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली असली तरी चालते. घराच्या वळचणीत ती सहसा येत नाही, म्हणूनच गावात दिसत नाही.

पळसपान :
विटकरी डाग दिसला!! आता परत फोटो बघताना तो डाग सोडून दुसरं काही दिसतच नाहीये. म्हणजे ही चिमणीच, पण वेगळी जात.

बोरीवली_स्लो :
ह्या रानचिमणीचं आपल्या देशाच्या पक्षीअभ्यासात मोठं स्थान आहे. सालिम अली लहान असताना, १९०८ च्या सुमारास, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग बघून त्यांना प्रश्न पडला की ही कुठली. मामांची चिठ्ठी घेऊन ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मानद सचिव मिलार्ड होते, त्यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय कपाटं उघडून भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली. त्या एका मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने वेळ दिला म्हणून पुढचं सगळं झालं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आपल्याकडे कुणी लहान मूल फोटो घेऊन आलं तर "चिमणी आहे ती" म्हणून कटवू नये.

वर्धेकर :
सुगरणीवर कुणीच लिहिलं नाही अजून! पावसाळ्यात पिवळा नर सगळेच ओळखतात, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला नाहीतर शिंदीला खोपे लटकलेले असतात, नर अर्धा खोपा विणून त्याला लोंबकळत पंख फडफडवतो, मादी येऊन आत डोकावते, पसंत पडला तर पुढचं काम, नाही तर तो खोपा तसाच अर्धवट राहतो. विणकाम सगळं नराचं. अडचण दिवाळीनंतर सुरू होते. नराचा पिवळा रंग जातो, तो मादीसारखाच मातकट होतो, आणि थवे चिमण्यांत मिसळून शेतात उतरतात.

मी असं बघतो. सुगरणीची चोच चिमणीपेक्षा भरीव, चेहऱ्याच्या मानाने मोठी. शेपटी आखूड, पक्षी मागून तुटल्यासारखा वाटतो. पाठीवर गडद रेघा ठळक, आणि पोट मळकट राखाडी नाही तर गव्हाळ. भुवईसुद्धा गव्हाळ पिवळसर. छातीवर ठळक रेघा दिसल्या तर थांबा, ती रेघाळ सुगरण असू शकते, पण ती पाणथळ, पाणकणसाच्या बेटात असते, कोरड्या शेतात नाही. जागा बघणं पण तेवढंच महत्त्वाचं.

रानवारा :
+१, जागेबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

ओवी_न्यूजर्सी :
मी इकडून लिहितेय. इथे आल्यावर पहिला धक्का असा बसला की इथले लोक ज्यांना स्पॅरो म्हणतात ते आपल्या चिमणीचे सख्खे नाहीतच. साँग स्पॅरो, चिपिंग स्पॅरो, व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो, हे सगळे वेगळ्या कुळातले, भारीटांच्या जवळचे. आपली चिमणी इथे माणसांनी आणली, १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये सोडली आणि ती खंडभर पसरली. त्यामुळे पार्किंगमध्ये, मॉलच्या पाटीमागे घरटं करणारी ती आपली, आणि झुडपाखाली पाचोळा उकरणारे हे इथले.

माळभटक्या म्हणतात तसं इथेही रंगापेक्षा खुणेची जागा बघावी लागते. साँग स्पॅरोच्या छातीवर जाड रेघा असतात आणि त्या मधोमध एकत्र येऊन एक गडद ठिपका होतो. चिपिंगच्या डोक्यावर उन्हाळ्यात विटकरी टोपी आणि डोळ्यातून काळी रेघ, छाती एकदम साफ. व्हाइट-थ्रोटेड हिवाळ्यात येतो, गळा पांढरा आणि डोळ्यापुढे पिवळा ठिपका. पुण्यात शिंपी आणि वटवट्या बघत मोठी झाले, त्यामुळे सुरुवातीला मी सगळं आवाजावर शोधायचे आणि त्याचा फार उपयोग झाला.

गॅलरीतली_बाग :
ओवी, आवाजावरून कसं ओळखायचं ते सांग ना. इथे सकाळी झाडीतून एवढ्याश्या पक्ष्याचा केवढा मोठा आवाज येतो, पक्षी काही दिसत नाही.

ओवी_न्यूजर्सी :
बहुतेक शिंपी असेल ताई. "टुविट टुविट टुविट" असं न थकता, एकाच सुरात, खूप मोठ्याने? दिसला की डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट पांढरं, शेपटी उभी. राखी वटवट्या पण तुमच्या बागेत असणार, त्याचं डोकं आणि पाठ राखाडी, पोट तांबूस पिवळं, शेपटी लांब आणि सारखी हलती. तो झुडपातून उडाला की टक टक टक असा चिमटी वाजवल्यासारखा आवाज येतो, तो ऐकला की नाव सांगायला बघावं पण लागत नाही.

रानवारा :
हिवाळ्यात अजून एक. सप्टेंबरपासून हिरवट पर्णवटवट्या येतात, मोठ्या झाडांच्या शेंड्यात पानाआड असतात, अंग हिरवट, पंखावर एक पुसट पट्टी, भुवई ठळक. दिसतात कमी, पण "चि-विट" असा दोन तुकड्यांचा आवाज दिवसभर चालू असतो. सोसायटीतल्या आंब्यावर, पिंपळावर कान द्या, पुण्या-मुंबईत प्रत्येक जुन्या झाडावर एखादा सापडतो. शिंजीराची मादी पण तिथेच असते, तिची चोच वाकडी, म्हणून पहिला नियम तोच, चोच.

पळसपान :
मर्लिन अ‍ॅपवर भरवसा ठेवावा का? फोटो टाकला की नाव देतं, आवाज ऐकून पण देतं.

माळभटक्या :
वापरा, चांगलं आहे, भारताचा पॅक उतरवून ठेवला की रेंज नसलेल्या ठिकाणी पण चालतं. पण ते नाव म्हणजे सुरुवात समजा. ज्या पक्ष्याचं नाव अ‍ॅपने दिलं तो डोळ्याने शोधा, चोच बघा, खुणा जुळतात का बघा, मगच यादीत लिहा. तुमची यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या साइटवर, गेली की ती इतर लोक अभ्यासाला वापरतात, त्यामुळे नुसत्या अ‍ॅपच्या शब्दावर दुर्मीळ नाव टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खडे टाकणं. आणि एक कळकळीची विनंती, पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका, विशेषतः विणीच्या काळात. नर खाणंपिणं, पिल्लं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो.

बोरीवली_स्लो :
चिमण्या संपत चालल्यात असं सगळे म्हणतात त्याचं काय? आमच्या स्टेशनवर भरपूर आहेत, पण बाजूच्या नवीन टॉवरमध्ये एक नाही.

सोलापुरी :
२०२० चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल वाचा. लाखो नोंदींवरून त्यांनी काढलंय की देशभरात मिळून चिमणी साधारण स्थिर आहे, पण मोठ्या सहा महानगरांत ती कमी होतेय. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर जुळतं. कौलाची वळचण, भिंतीतली भोकं, फोटोमागची जागा गेली, आणि पिल्लांना पहिले काही दिवस दाणे नाही तर अळ्या, किडे लागतात, ते कुठून आणणार काचेच्या भिंतीत आणि फवारलेल्या लॉनमध्ये.

२० मार्चचा चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. त्या दिवशी घरटी वाटतात ते चांगलंच आहे, पण डबा लावताना भोक सव्वा इंचाच्या आसपास ठेवा, जास्त मोठं नको, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला लावा, आणि बाहेर बसायची दांडी ठेवू नका, चिमणीला ती लागत नाही, त्रास देणाऱ्यांना मात्र सोय होते.

वर्धेकर :
आणि बाजारात पिंजऱ्यात लाल मुनिया दिसल्या तर विकत घेऊन सोडून देऊ नका, त्याने विकणाऱ्याचा धंदाच वाढतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपले पक्षी पकडणं, विकणं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा. कधीकधी साध्या मुनियांना हिरवा, लाल रंग लावून विकतात, ते बघून कुठली जात म्हणून विचारणारे फोटो येतात तेव्हा जीव तुटतो.

पळसपान :
शेवटचा प्रश्न. दुर्बीण कुठली घ्यावी? आणि जानेवारीत ज्वारीत भारीट दिसले, नर कळला, काळं डोकं, पिवळं पोट, पाठ तांबूस. पण त्याच थव्यात खूप फिकट पक्षी होते, ते काळ्या डोक्याचे का लाल डोक्याचे काही केल्या ठरेना.

माळभटक्या :
दुर्बीण आठ बाय बेचाळीस घ्या. आठ पट मोठं दिसतं, हात फार थरथरत नाही, आणि बेचाळीस मिलिमीटर काचेमुळे सकाळच्या अंधुक उजेडातही चालतं. दहा पटीची घेतली की छोटा पक्षी पानात शोधेपर्यंत उडून जातो. घ्यायच्या आधी कुणाच्या तरी गळ्यातली मागून वापरून बघा.

भारीटांचं म्हणाल तर तुमचा नर काळ्या डोक्याचाच. फिकटांपैकी काही तोच नर असतील, कारण हिवाळ्यात नव्या पिसांच्या फिकट टोकांनी त्याचं काळं डोकं पण झाकलं जातं, चिमणीच्या गळ्यासारखंच. अशा नराच्या गालावर, कपाळावर काळसर छटा डोकावते आणि पाठीला तांबूस झाक असते. पण मादी आणि पहिल्या वर्षाची पिल्लं या दोन जातींत शेतात बसून वेगळी करणं खरोखर अवघड आहे, अनुभवी लोकही सोडून देतात. थव्यात एक काळ्या डोक्याचा नर आहे म्हणून सगळे तेच असं लिहू नका, दोन्ही एकत्र फिरतात. ईबर्डवर काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट असा एकत्र पर्याय आहे, तो निवडा, आणि नरांची नोंद वेगळी करा. मार्च-एप्रिलपर्यंत ते परत पश्चिम आणि मध्य आशियाकडे निघतात, त्याच्या आधी एकदा परत त्याच शेतावर जा, तोवर नरांचे रंग चढलेले असतात आणि थव्यात कोण कोण होतं याचा जास्त अंदाज येतो.

पळसपान :
ज्वारी काढायच्या आधी परत जातो. फोटो इथेच टाकतो.